जोडणीचा कर्ता

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेला, अफझलगंज आणि सिद्दी अंबर बाजार यांच्या लगत पसरलेल्या बेगम बाजारात जो माल विकला जातो, त्यातील बराचसा तिथून निघताना पूर्ण झालेला नसतो. पितळेची समई तळाची बैठक, मधला दांडा, वातींचे ताट आणि माथ्यावरचा मोर अशा सुट्या भागांत येते व आटे फिरवून उभी केली जाते. देवाची मूर्ती एका दुकानात, तिच्यामागची प्रभावळ दुसऱ्यात, मुकुट, वस्त्रे आणि माळा तिसऱ्यात मिळतात. ताम्हन, पळी, पंचपात्र, घंटा आणि निरांजन ही पूजेची उपकरणे वजनावर किंवा नगावर स्वतंत्रपणे घेतली जातात. यांपैकी कोणताही भाग विशिष्ट घर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला नसतो, आणि म्हणूनच तो घाऊक बाजारात विकता येतो. तरीही हे भाग घरी नेऊन मांडले की त्यांचे एक देवघर होते आणि ते त्या एकाच कुटुंबाचे असते. त्याच दुकानांतून तेच भाग नेणाऱ्या शेजाऱ्याचे देवघर वेगळे. दुसरा आसफजाह निजाम अली खान याची पत्नी हुमदा बेगम हिने ही जमीन व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून बाजाराला हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते. हे खरे धरल्यास, एकीने दिलेली जागा आणि अनेकांनी मांडलेली दुकाने अशीच या बाजाराचीही घडण आहे.

तयार भागांपासून झालेली वस्तू खरोखर ‘एक’ असते काय, की अनेक भागांच्या राशीला व्यवहारासाठी दिलेले ते केवळ एक नाव असते, आणि ती एक असेल तर तिचा कर्ता कोणाला म्हणावे, हा भारतीय दर्शनांतील फार जुना वाद आहे. भागाला ‘अवयव’ आणि भागांतून उत्पन्न होणाऱ्या पूर्ण वस्तूला ‘अवयवी’ असे म्हणतात. अवयवी अवयवांहून वेगळा आहे असे न्याय आणि वैशेषिक दर्शने मानतात, तर बौद्ध तार्किक ते नाकारतात. घट, पट आणि रथ ही या वादाची नेहमीची उदाहरणे आहेत. आजच्या काळात मात्र या प्रश्नाची जितकी कठोर परीक्षा संगणकाच्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, होते तितकी घटात किंवा पटात होत नाही. कारण तिथे भाग अक्षरशः तेच असतात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन समयांतही थोडा फरक राहतो, पण एकच तयार घटक हजारो वेबसाइटींत अक्षरनअक्षर तोच असतो. म्हणून या लेखात फोटो सामायिक करण्याची एक वेबसाइट हे उदाहरण घेऊन जुन्या वादातील युक्तिवाद तपासले आहेत.

असे समजू की बेगम बाजाराच्या परिसरातील एखाद्या गणेशोत्सव मंडळाला अशी वेबसाइट हवी आहे, जिच्यावर सभासदांनी उत्सवाचे आणि घरच्या गणपतीचे फोटो चढवावेत, त्यांचे अल्बम करावेत, फोटोंना खुणेचे शब्द, म्हणजे टॅग, जोडावेत आणि एकमेकांच्या फोटोंखाली अभिप्राय लिहावेत. यातले काहीही आज मुळापासून लिहावे लागत नाही. कारखान्यात जसे यंत्राचे भाग यादीतून निवडून जोडतात तसे सॉफ्टवेअरचेही भाग तयार मिळावेत, ही मागणी डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत मांडली होती. वेबच्या क्षेत्रात ती पुढे ‘फ्रेमवर्क’च्या रूपाने प्रत्यक्षात आली. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटीला लागणारी सामान्य कामे आधीच करून ठेवणारी चौकट: कोणत्या पत्त्यावर कोणते पान द्यायचे, नोंदी डेटाबेसमध्ये कशा ठेवायच्या, पानाचा साचा कसा भरायचा, हे सर्व ती सांभाळते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या वेबसाइटीचे काम करताना एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी अशी एक चौकट घडवली, तिला गिटारवादक जँगो राइनहार्ट याचे नाव दिले आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. २०१० मध्ये केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी सुरू केलेले इन्स्टाग्राम हे फोटोंचे जगप्रसिद्ध स्थळ याच जँगोवर उभे राहिले.

मंडळाची वेबसाइट बांधणाऱ्याच्या हाती म्हणून बरेच काही तयार असते. सभासदांची खाती, पासवर्ड आणि लॉग-इन यांचा घटक जँगोबरोबरच येतो. फोटो उघडून त्याचा आकार बदलण्याचे काम पिलो नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते. मूळ फोटोवरून लहान प्रत, म्हणजे थंबनेल, काढणारा घटक वेगळा मिळतो, टॅगांचा वेगळा, अभिप्रायांचा वेगळा. बांधणाऱ्याने स्वतः लिहायच्या ओळी त्या मानाने फार थोड्या उरतात: फोटो कोणाचा, तो कोणत्या अल्बममध्ये, कोणाला दिसावा आणि कोणाला दिसू नये, कोणी काय पुसू शकतो. समईचे आटे फिरवावेत तसे हे काम वरवर वाटते. त्यामुळे ही वेबसाइट त्याने ‘बांधली’ असे म्हणणे म्हणजे इतरांचे श्रम आपल्या नावावर घेणे होय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती शंका अवयवीच्या प्रश्नाला थेट येऊन भिडते. कारण अवयवांखेरीज काही उत्पन्नच झाले नसेल, तर उत्पन्न करणारा असा कोणी उरत नाही.

बौद्ध पक्षाची मांडणी ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातील रथाच्या दृष्टांतामुळे सर्वपरिचित आहे. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात नागसेन विचारतो की दांडी हा रथ आहे काय, आस हा रथ आहे काय, चाके हा रथ आहे काय; राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी मान्य करतो की या सर्वांच्या आधाराने ‘रथ’ हा शब्द केवळ व्यवहारात वापरला जातो. मंडळाच्या वेबसाइटीला हेच प्रश्न विचारले तर उत्तरेही तीच येतात. लॉग-इनचा घटक म्हणजे वेबसाइट नव्हे, थंबनेलचा घटक म्हणजे वेबसाइट नव्हे, फ्रेमवर्क तर नव्हेच, कारण तेच फ्रेमवर्क एखाद्या वर्तमानपत्राचेही काम करीत असते. या मताचे बळ कमी लेखता येणार नाही. वेबसाइट बंद पडते तेव्हा दोष शोधणाऱ्याला ‘वेबसाइट’ नावाचे काही बिघडलेले सापडत नाही. त्याला एखादा घटक, एखादी ओळ, एखादी चुकीची नोंद सापडते.

न्यायदर्शनाने यावर दिलेल्या उत्तरांपैकी एक ‘धारण-आकर्षण’ या नावाने ओळखले जाते. घागर काठाला धरून उचलली तर सगळी घागर उचलली जाते, काठी एका टोकाने ओढली तर सगळी काठी ओढली जाते. वाळूच्या ढिगाचे तसे होत नाही, म्हणून घागरीत आणि काठीत भागांपलीकडचे एक काही असले पाहिजे. वेबसाइटीत या युक्तिवादाला चकित करणारे उदाहरण मिळते. एखाद्या सभासदाची नोंद पुसली तर तिच्याशी जोडलेल्या फोटोंच्या नोंदी, त्या फोटोंखालचे अभिप्राय आणि त्यांचे टॅगांशी असलेले संबंधही पाठोपाठ पुसले जातील, अशी व्यवस्था डेटाबेसमध्ये करता येते. म्हणजे एक टोक ओढले की दूरचे टोक हलते. पण हा युक्तिवाद पुरेसा नाही हे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन यानेच दाखवून दिले आहे, ही त्या परंपरेच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण मानावी लागेल. गवत, दगड आणि लाकूड लाखेने चिकटवले तर तेही एकत्र ओढले जातात, पण म्हणून त्यांचा एक पदार्थ झाला असे कोणी म्हणत नाही. ओढले जाणे हे चिकटण्याचे फळ आहे, अवयवी असण्याचे नव्हे. डेटाबेसमधील संबंधही लाखेसारखेच असतात. ते घटकांना बांधून ठेवतात, पण एवढ्यावरून वेबसाइट ‘एक’ ठरत नाही.

वात्स्यायनाचा भर दुसऱ्या युक्तिवादावर आहे आणि तो इथे अधिक समर्पक ठरतो. प्रतिपक्षी म्हणतो की सैन्य किंवा वन दुरून एक दिसते, प्रत्यक्षात सैनिक आणि झाडेच असतात. तसेच घटात परमाणूच असतात आणि एकपणा हा भास आहे. यावर न्यायाचे उत्तर असे की झाड जवळ जाऊन वेगळे पाहता येते, म्हणून वनाचा एकपणा भास ठरवता येतो. परमाणू मात्र अतींद्रिय, म्हणजे इंद्रियांना कधीच न दिसणारे आहेत, आणि जे एकेकटे दिसूच शकत नाही ते पुष्कळ जमल्याने दिसू लागेल असे मानता येत नाही. तेव्हा जो दिसतो तो अवयवीच होय. वेबसाइट पाहणाऱ्याची स्थिती तंतोतंत अशी आहे. सभासदाला टॅगचा घटक किंवा थंबनेलचा घटक कधीही दिसत नाही. त्याला आपल्या घरच्या गणपतीचा फोटो, त्याखाली मावशीने लिहिलेला अभिप्राय आणि शेजारी गेल्या वर्षीचा अल्बम दिसतो, आणि ही प्रतीती पहिल्यापासूनच एका पानाची असते, तुकडे गोळा करून मागाहून बनवलेली नसते. ज्याचा अनुभव येतो, ज्यावर व्यवहार चालतो आणि ज्याच्याबद्दल तक्रार करता येते, ते ‘नाही’ म्हणायचे आणि ज्याचा अनुभव कोणालाच येत नाही तेवढेच ‘आहे’ म्हणायचे, ही भूमिका निदान या उदाहरणात टिकत नाही.

बेगम बाजारातील काट्याशी जवळचे नाते असलेला एक आक्षेप बौद्धांकडून, विशेषतः तार्किक धर्मकीर्तीकडून, येतो. अवयवी खरोखर वेगळा पदार्थ असेल तर त्याला स्वतःचे वजन असले पाहिजे. मग जोडलेली समई सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा जास्त का भरत नाही? अवयवीच्या वजनाचा परिणाम काट्यावर वेगळा टिपता येत नाही, अशा आशयाचे उत्तर नैयायिकांनी दिले आहे, आणि ते फारसे समाधानकारक नाही असेच म्हणावे लागते. अधिक मोकळे उत्तर वैशेषिकांच्याच कारणविचारात सापडते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातील ग्रंथातून पिढ्यानपिढ्या शिकवल्या गेलेल्या या विचारानुसार कारणे तीन प्रकारची असतात. ज्यात कार्य अभेद्यपणे राहते ते समवायी कारण, जसे वस्त्राचे तंतू. त्या तंतूंचा परस्परांशी झालेला संयोग, म्हणजे जोड, हे असमवायी कारण. आणि या दोहोंहून वेगळे ते निमित्त कारण, जसे माग, धोटा आणि विणकर. वजन असते ते तंतूंना. संयोग हा द्रव्य नसून गुण आहे, आणि गुणाला वजन नसते. तरीही तो नसेल तर वस्त्र नसते, सुताचा गुंडा असतो.

या तीन कारणांच्या चौकटीत वेबसाइट बांधणाऱ्याचे स्थान स्पष्ट होते. तो तंतू कातणारा नाही, विणणारा आहे, आणि विणकराने सूत स्वतः कातले नाही म्हणून वस्त्र त्याचे नाही असे कोणत्याही समाजाने म्हटलेले नाही. ‘फक्त जोडले’ या शब्दप्रयोगातला ‘फक्त’ हाच चुकीचा आहे. दोन मंडळांनी तेच फ्रेमवर्क आणि तेच घटक घेतले, पण एकाने प्रत्येक फोटो जगाला खुला ठेवला आणि दुसऱ्याने घरगुती अल्बम फक्त त्या घरच्या माणसांना दिसेल असे केले, तर समवायी कारण एकच असूनही दोन वेगळी कार्ये उत्पन्न झाली, आणि भेद सगळा संयोगात आहे. याच दर्शनाचे एक कडक मत असे की वस्त्रातील एक तंतू काढला तर जुने वस्त्र नष्ट होऊन एक नवे, लहान वस्त्र, ज्याला खंडपट म्हणतात, उत्पन्न होते. ‘तेच वस्त्र’ ही ओळख मग दिव्याच्या ज्योतीसारखी साम्यावर आधारलेली असते. घटकांच्या नव्या आवृत्त्या सतत बसवाव्या लागणाऱ्या वेबसाइटीला हे मत लागू केले तर ती महिन्यातून अनेकदा मरते आणि जन्मते. सभासदाला त्याची जाणीवही होत नाही. बांधणाऱ्याला मात्र प्रत्येक बदलानंतर सगळी जोडणी पुन्हा तपासावी लागते, म्हणजे त्याच्या दृष्टीने नवी वस्तू खरोखरच उत्पन्न झालेली असते.

तरीही ‘कर्ता’ हा शब्द इथे निःशंकपणे वापरता येत नाही. साध्या लायब्ररीला बांधणारा हाक मारतो, म्हणजे गरज पडेल तेव्हा कामाला लावतो. फ्रेमवर्क मात्र उलट बांधणाऱ्याने लिहिलेल्या ओळींना हाक मारते. सभासदाने पानाचा पत्ता उघडला की ती विनंती प्रथम फ्रेमवर्ककडे जाते, आणि कोणत्या क्षणी बांधणाऱ्याची कोणती ओळ चालवायची हे फ्रेमवर्क ठरवते. पाणिनीने क्रियेत जो स्वतंत्र असतो त्याला कर्ता म्हटले आणि त्या कर्त्याला कामाला लावणाऱ्याचा लगोलग वेगळा निर्देश केला. मराठीने हा भेद ‘करणे’ आणि ‘करविणे’ अशा क्रियापदांत जिवंत ठेवला आहे आणि ‘कर्ता करविता’ या जोडशब्दात तर त्याला ईश्वरापर्यंत नेले आहे. चालत्या वेबसाइटीत करविता फ्रेमवर्क असते आणि बांधणाऱ्याचा कोड हा करणारा. रचनेच्या वेळी मात्र बांधणारा करविता असतो आणि फ्रेमवर्क त्याने निवडलेले साधन. एकाच वस्तूत दोन काळांत कर्तृत्वाची दिशा अशी उलटते, हे घटाच्या किंवा पटाच्या उदाहरणात दिसत नाही, आणि इथे जुन्या चर्चेला खरोखर नवी भर पडते.

या उलट्या दिशांचा मेळ घालण्यासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायातील पाच कारणांचा विचार उपयोगी पडतो, ज्याचे विवरण ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त मराठीत केले. कोणत्याही कर्माला अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी करणे, नाना चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे असतात, आणि असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची आहे, असे तिथले प्रतिपादन आहे. ज्यावर सर्व उभे आहे ते सर्व्हर आणि फ्रेमवर्क हे अधिष्ठान, घटक ही करणे, त्यांचे चालणे ही चेष्टा, असा अन्वय सहज लावता येतो. पण विचार करण्याजोगा आहे तो ‘दैव’ हा शब्द, कारण शंकराचार्यांनी त्याचा अर्थ नशीब असा न करता इंद्रियांना बळ देणाऱ्या अधिष्ठात्री देवता असा केला आहे: डोळा पाहतो, पण ज्याच्या आधाराने पाहतो तो सूर्य पाहणाऱ्याच्या हाती नसतो. मार्च २०१६ मध्ये या अर्थाचा प्रत्यय जगभरच्या प्रोग्रामरांना आला. शब्दाच्या डाव्या बाजूला ठरावीक लांबीइतकी भर घालणारा, अवघ्या ११ ओळींचा ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा घटक त्याच्या लेखकाने सामायिक भांडारातून काढून घेतला, आणि त्यावर नकळत विसंबून असलेले असंख्य प्रकल्प त्या दिवशी बांधता येईनासे झाले. ते बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो घटक आपल्या पायाखाली आहे हेच माहीत नव्हते. अदृश्य आधाराची जाणीव तो आधार निघून गेल्यावरच व्हावी, यात अधर्म नसला तरी अज्ञान नक्कीच आहे.

त्या अज्ञानावरचा उतारा परंपरेने ‘ऋण’ या कल्पनेतून सुचवला आहे. ब्राह्मण जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, असे तैत्तिरीय संहितेत आले आहे, आणि त्यांपैकी ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते. खुल्या घटकांच्या बाबतीत ही कल्पना अलंकारिक राहत नाही. जँगो ज्या बीएसडी परवान्याखाली दिले जाते तो परवाना पैसे मागत नाही, बदल करण्यास किंवा विकण्यास मनाई करीत नाही. पुढे देताना मूळ हक्कधारकांच्या नावाची आणि अटींची नोंद कायम ठेवावी, ही त्याची मुख्य अट आहे. विकत घेतलेल्या भांड्यावर आपले नाव घालण्याची रीत मराठी घरांत रूढ आहे आणि त्यात काही वावगे नाही. पण इथे आपले नाव घालताना आधीचे नाव घासून टाकता येत नाही. अर्थात नोंद ठेवणे हे ऋण मान्य करणे झाले, फेडणे नव्हे. घटक कसा चालतो हे वाचून समजून घेणे, त्यातला दोष सापडला तर दुरुस्त करून परत देणे, हेच इथले अध्ययन, आणि ज्याने घटक न वाचता जोडला त्याने ऋषिऋण बुडवले असे म्हणण्यास हरकत नाही.

आतापर्यंत वेबसाइटीचा विचार झाला, तिच्यातील फोटोंचा नाही, आणि तो वेगळा करावा लागतो. विजातीय द्रव्ये मिळून एक अवयवी घडत नाही, असे वैशेषिकांचे मत आहे: घागरीत पाणी भरले तरी पाणी घागरीचा अवयव होत नाही, ते तिच्याशी फक्त संयुक्त असते. वेबसाइटीचे घटक सगळे कोडच्या एका जातीचे, म्हणून त्यांचा अवयवी होऊ शकतो. घरोघरचे फोटो त्यात पाण्यासारखे असतात, आणि ते कोणाचे आहेत हे घागर ठरवीत नाही. प्रतिमेच्या बाबतीत हा विवेक हिंदू घरांना नवीन नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवलेल्या छापखान्यातून लक्ष्मी आणि सरस्वतीची एकच चित्रे असंख्य घरांत पोहोचली. छाप एक, पण तसबिरीला हळदकुंकू लावणारा हात प्रत्येक घरी वेगळा, आणि म्हणून पूजाही वेगळी. बेगम बाजाराशेजारच्या धूलपेठेत घडणाऱ्या गणेशमूर्तींचेही तसेच आहे: साचा एक असला तरी प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रांनी मूर्तीत देवत्वाचे आवाहन करणे, त्या त्या घरीच होते. सारख्या वस्तूला जे वेगळेपण येते ते तिच्याशी कोणी, कोणत्या नात्याने आणि कोणत्या मर्यादेत जोडले जाते त्यावरून येते.

मर्यादेचा हा विचार फोटोंच्या संदर्भात हैदराबादने फार पूर्वी केलेला आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये या शहरात पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला. त्याभोवती उंच भिंती होत्या आणि आतले काम स्त्रियाच पाहत. कॅमेरा, काच आणि रसायने ही साधने तीच होती जी बाहेरच्या स्टुडिओत होती. वेगळी होती ती भिंत, आणि त्या भिंतीमुळेच आतल्या स्त्रीला आपला चेहरा काचेवर उमटू देता आला. आजच्या वेबसाइटीत ही भिंत म्हणजे बांधणाऱ्याने लिहिलेल्या परवानगीच्या चार ओळी होत. लॉग-इनचा घटक येणारा कोण आहे ते सांगतो. त्याने काय पाहावे हे सांगत नाही, कारण ते त्याला कळणे शक्यच नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवली तर घरच्या गणपतीच्या फोटोबरोबर घराचा ठावठिकाणाही सर्वांच्या हाती जातो. घटकाने यात कोणतीही चूक केलेली नसते. त्याला दिलेले काम त्याने चोख केलेले असते.

कर्तृत्व अनेकांत वाटले जाते पण उत्तरदायित्व तसे वाटले जात नाही, हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते विसर्जनाच्या वेळी. पार्थिव गणपतीची मूर्ती थेट उचलून पाण्यात सोडत नाहीत. आधी उत्तरपूजा होते, मूर्तीवर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित हलवली जाते, आणि प्राणप्रतिष्ठेने जोडलेले नाते असे विधिपूर्वक सोडवल्यानंतरच ती हुसेनसागराकडे निघते. नाते जोडणे आणि नाते सोडवणे ही दोन वेगळी कर्मे आहेत, पहिले केले म्हणून दुसरे आपोआप होत नाही, हे या विधीत गृहीत आहे. जँगोच्या रचनेतही हा भेद आहे, आणि तो विचारपूर्वक ठेवलेला आहे. फोटोची नोंद डेटाबेसमध्ये असते आणि फोटोची फाइल वेगळी, सर्व्हरच्या डिस्कवर असते. २०११ मधील १.३ या आवृत्तीपासून नोंद पुसली तरी जँगो फाइल पुसत नाही. तीच फाइल दुसऱ्या एखाद्या नोंदीलाही जोडलेली असू शकते, किंवा पुसण्याची क्रिया अर्ध्यावर रद्द होऊन नोंद परत येऊ शकते आणि फाइल मात्र कायमची गेलेली असू शकते. अशा वेळी गमावण्यापेक्षा राखणे बरे, हा त्यामागचा विचार चौकटीच्या पातळीवर योग्यच आहे. चौकटीला फक्त संयोगाचा नाश दिसतो. पण मंडळातील एखाद्या स्त्रीने आपला फोटो काढून टाका असे सांगितले, बांधणाऱ्याने पुसण्याचे बटण दिलेले आहे, तिने ते दाबले, पानावरून फोटो गेला आणि तिचे समाधान झाले, तरी मूळ फाइल आणि तिच्यावरून काढलेली थंबनेले पुसण्याच्या ओळी बांधणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या नसतील, तर तिचा चेहरा कोणत्याही नोंदीशी जोडलेला नसताना डिस्कवर पडून राहतो, आणि फाइलीचा जुना पत्ता ज्याच्याजवळ असेल त्याच्यासमोर तो पुढेही उघडत राहतो.